रे कटलरची आई

पिट्सबर्ग, कॅलिफोर्निया
३ फेब्रुवारी १९४२

प्रिय रासिमू,

शनिवारी तुझं गाणं ऐकलं. मम्मा नेहमीसारखी रेडिओला गाल टेकून बसली होती. इंग्रजी शब्दांतलं तिला काही कळत नाही, पण दुसऱ्या कडव्यात तू शेवटचा सूर न तोडता तसाच पुढच्या ओळीत नेलास, तेव्हा म्हणाली, "हे बापाकडून उचललंय. जाळं वर येईपर्यंत तोही असाच श्वास सोडायचा नाही." तोवर शेगडीवरचा सॉस करपला होता आणि तो करपल्याबद्दल बोलणी मी खाल्ली.

आता कामाचं लिहिते. या महिन्याच्या चोवीस तारखेच्या आत मम्माला हे घर सोडायचं आहे. पोस्टाच्या दारावर सरकारी हुकूम लागलाय. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं नाही असे सगळे इटालियन आता शत्रुदेशाचे. नदी, पोलादाचा कारखाना, रेल्वेचा पूल, यांच्या जवळपास त्यांनी फिरकायचंसुद्धा नाही. आपलं गाव म्हणजे या तिन्हींच्या मधली जागा. बोटांचे ठसे देऊन मम्मा घरी आली आणि काळी शाई जाईना म्हणून लिंबाने हात घासत बसली. मी तिला किती वर्षं सांगत होते, परीक्षा दे, कागद कर. तिचं एकच, "पहिला अध्यक्ष कोण ते मी कशाला लक्षात ठेवू? मला काय त्याच्या घरी मुलगी द्यायचीय?"

शेजारच्या दोन्ना कोझिमालाही जायचंय. तिचे दोन मुलगे सैन्यात आहेत, तरी जायचंय.

रासिमू, तू तिकडे मोठा माणूस झालास. सान फ्रान्सिस्कोतल्या साहेबांच्या बायका तुझं गाणं ऐकतात. ही माझी आई आहे, एवढं एक पत्र त्या साहेबांना लिही. नाहीतर स्वतः ये. मी मासळीच्या कारखान्यात पत्र्याचे डबे भरणारी बाई, माझं कोण ऐकणार?

तुझी,
एन्झा

न्यूयॉर्क
९ फेब्रुवारी १९४२

प्रिय एन्झा,

तुझं पत्र मी जिन्यातच उभा राहून वाचलं. काहीतरी चूक झालेली दिसते. मम्मासारख्या बाईला कोण हलवणार? कारकुनांनी घाईत हुकूम काढला असेल, चोवीस तारखेपर्यंत मागे घेतील. तू तिला घाबरवू नकोस.

मला आत्ता येणं शक्य नाही. शनिवारचा कार्यक्रम साबणाच्या कंपनीने वर्षभरासाठी घेतलाय आणि मी एक शनिवार चुकवला तर माझ्या जागेवर उभे राहायला दहा जण कपडे करून तयार आहेत. पत्राचं म्हणशील तर जरा अवघड आहे. माझा एजंट हॅल्सी म्हणतो, सध्या ओ ने संपणारं इटालियन नाव तोंडातून काढू नकोस. माझ्याच मजल्यावर टोनी व्हेल राहतो, मूळचा अंतोनियो व्हॅलेन्ती, न्हाव्याचा मुलगा. माझ्यापेक्षा चांगला गातो. मागच्या महिन्यात एका हॉटेलात त्याने नेपल्सकडचं गाणं घेतलं. एक गिऱ्हाईक टेबलावरून उठून म्हणालं, "हे मुसोलिनीला जाऊन ऐकव." दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याने टोनीला येऊ नको म्हणून सांगितलं. आता आम्ही दोघं आपल्या भाषेतलं काही गायचं झालं तर खिडक्या लावून दाढी करताना गातो.

थोडा धीर धर. मी इथे कोणाकोणाशी बोलून बघतो. येत्या शनिवारी मी एक संथ गाणं घेतोय, ते मम्मासाठी. तिला सांग.

तुझा,
रासिमू

पिट्सबर्ग
२७ फेब्रुवारी १९४२

रासिमू,

हुकूम मागे घेतला नाही. मासळीच्या ट्रकमधून मम्माची गादी, दोन पातेली आणि सेंट जोसेफची तसबीर घेऊन गेलो. ब्रेंटवूडच्या पुढे जर्दाळूच्या बागेत मजुरांच्या खोल्या आहेत, त्यांतली एक मिळाली. जमीन मातीची. एक नळ सगळ्यांमध्ये. वीज नाही, म्हणजे रेडिओ नाही. आपल्या गावच्या आणखी सात बायका तिथेच आहेत, दोन्ना कोझिमाही. मी या देशात जन्मलेली, त्यामुळे मला गावात राहता येतं आणि राहायलाच हवं, कारखाना सोडून चालणार नाही. दर रविवारी जाते.

निघताना मम्माने घराला कुलूप लावलं, एक किल्ली मला दिली आणि दुसरी पोलकं उघडून आत टाकली. म्हणाली, "इथे हात घालायची कोणाची हिंमत नाही."

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. परवा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका पोरीने सिनेमाचं मासिक आणलं. त्यात तुझा फोटो. खाली लिहिलंय की रे कटलर हा व्हरमाँटच्या जुन्या घराण्यातला, वडील शाळामास्तर, आई त्याला जन्म देतानाच वारली आणि म्हणून त्याच्या आवाजात ते दुःख आहे. ती पोरगी वाचता वाचता रडली. मला म्हणाली, "एन्झा, तुला काहीच कसं वाटत नाही?"

मम्माला हे मी सांगितलेलं नाही. आता तूच मला सांग, रासिमू. ती कधी मेली?

एन्झा

न्यूयॉर्क
४ मार्च १९४२

एन्झा,

ते मी लिहिलेलं नाही. हॅल्सीने मासिकात लिहिणाऱ्या त्या बाईला जेवायला नेलं आणि जे सुचेल ते सांगितलं. अंक हातात आला तेव्हाच मी वाचलं. मी त्याला म्हणालो, माझी आई जिवंत आहे. तो म्हणाला, "असूदे की. मी तिचं काय बिघडवलं? तिला इंग्रजी येतं का?"  तेव्हा बोललो नाही आणि मग बोलायची वेळ निघून गेली. दर आठवड्याला कोणीतरी बाई मला पत्र लिहिते की तुझी आई स्वर्गातून ऐकत असेल. ती पत्रं मी फोडायची बंद केलीत.

तू चिडलीस ते बरोबर आहे. पण विचार कर. मी या गाण्यावर उभा राहिलो तर उद्या मम्माला कुठेही घर घेऊन देईन. एप्रिलमध्ये युद्धरोख्यांसाठी मोठा कार्यक्रम आहे, सैन्याचे अधिकारी येणार आहेत. तो होऊदे. एकदा माझं पाऊल घट्ट रोवलं की सगळं सांगून टाकेन.

तोवर मम्माला त्या मासिकाबद्दल कळू देऊ नकोस. तुझ्या पाया पडतो.

रासिमू

पिट्सबर्ग
१७ मार्च १९४२

रासिमू,

मम्माला पकडलं.

शनिवारी सकाळी ती बागेतून निघाली. दोन्ना कोझिमाला सांगितलं, डोकं दुखतंय, पडून राहते. कालव्याच्या कडेकडेने चालत, मध्ये एका भाजीच्या गाडीवर बसून ती आपल्या घरी पोचली. कुलूप उघडलं, खिडक्या न उघडता रेडिओ लावला आणि तुझ्या कार्यक्रमाची वाट बघत बसली. मी कारखान्यात होते, मला पत्ता नाही.

शेजारच्या कोणीतरी पोलिसांना कळवलं. दोघं आले. एक आपल्या गावचा जाडा शिपाई, दुसरा सान फ्रान्सिस्कोहून आलेला. ते आत शिरले तेव्हा तू गात होतास. मम्माने तळहात दाखवून त्यांना थांबवलं आणि खुर्चीकडे बोट केलं. जाडा शिपाई बसलासुद्धा. दुसरा उभाच. गाणं संपल्यावर तिने रेडिओ बंद केला, त्यावर फडकं घातलं, शाल घेतली आणि तिला येतात त्यातले दोन शब्द बोलली, "माय सन."

"कोण तुझा मुलगा?" त्या साहेबाने विचारलं.

तिने रेडिओवर हात ठेवला. "रे कटलर."

दोघं हसले म्हणे. पण ठाण्यावर त्या साहेबाला कोणीतरी ते मासिक दाखवलं आणि मग त्याचं हसू गेलं. त्याचं म्हणणं असं: बंदी असताना ही बाई लपून आली, घराच्या मागच्या खिडकीतून आरमाराची जहाजं दिसतात, खिडक्या बंद करून रेडिओशी काहीतरी करत होती आणि विचारलं तर धडधडीत खोटं बोलते. कळल्यावर मी ठाण्यावर धावले आणि ओरडून सांगितलं, खोटं नाही, मी त्याची बहीण. तो म्हणाला, "मग तुम्ही दोघी एकच गोष्ट पाठ करून आलाय."

तिला सान फ्रान्सिस्कोला नेलंय. तीस तारखेला सरकारी मंडळासमोर चौकशी आहे. वकील चालत नाही. साक्षीला एकच माणूस नेता येतो. तिचं खोटं ठरलं तर युद्ध संपेपर्यंत कैद्यांच्या छावणीत टाकतील. तिच्या पायांना सूज आहे, ते तुला माहीत आहे.

तू ये. येत नसलास तर तार कर. दोन ओळी. ती माझी आई आहे. बाकी काही लिहू नकोस.

एन्झा

न्यूयॉर्क
२३ मार्च १९४२

एन्झा,

हॅल्सीला सगळं सांगितलं. दार लावून तो तासभर बोलत होता. साबणाची कंपनी त्याच दिवशी करार मोडेल म्हणाला. नुसता इटालियन असणं एक वेळ चालेल, पण आई शत्रू म्हणून अटकेत आणि मुलगा तिला मेलेली म्हणून सांगतो, हे एकदा पेपरात आलं की मला चर्चच्या गायकवृंदातसुद्धा कोणी उभं करणार नाही.

तरी मी त्याच्यासमोर बसून हाताने लिहिलं: पिएत्रा कुतिनो ही माझी आई आहे, ती माझं गाणं ऐकायला घरी गेली होती, याहून तिचा काही गुन्हा नाही. खाली खरं नाव घातलं. तार केली तर तारघरातला पोऱ्यासुद्धा वाचतो, म्हणून हॅल्सी म्हणाला, वकिलाकडून मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात गुपचूप पोचवतो. मी म्हणालो, कसंही कर, पण मम्मा सुटली पाहिजे. तो म्हणाला, "ते माझ्यावर सोड."

आता काळजी करू नकोस. तिला सांग, मी लिहिलंय.

रासिमू

पिट्सबर्ग
२ एप्रिल १९४२

श्री. रे कटलर यांस,

तुमचं पत्र मंडळाला पोचलं. आमची सुटका झाली. आभारी आहोत.

चौकशी कशी झाली ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. लांब टेबल, मागे तीन गृहस्थ. दुभाषा म्हणून आपल्या गावचा शिंपी बिल्लेची. मम्मा सकाळी भेटल्यापासून मला सांगत होती, "रासिमूने लिहिलंय ना, मग झालं." तिने केस घट्ट बांधले होते.

मधल्या गृहस्थाने पाकीट उघडलं आणि वाचलं. तुमच्या वकिलांनी लिहिलं होतं की श्री. कटलर यांना या बाईबद्दल आपुलकी आहे, ती पूर्वी त्यांच्या घरी मोलकरीण होती, त्यांना तिने लहानपणी सांभाळलं आणि वयोमानाने ती कधीकधी त्यांना आपला मुलगा समजते.

बिल्लेचीने ते आपल्या भाषेत सांगायला तोंड उघडलं आणि तो थांबला. तुमचे कपडे त्यानेच शिवलेले. गृहस्थ म्हणाले, "सांगा तिला." त्याने सांगितलं, मान खाली घालून.

मी उठले. मम्माने माझा दंड धरून मला खाली बसवलं. तिच्या बोटांचे वळ अजून आहेत.

गृहस्थांनी विचारलं, "हे खरं आहे का, बाई?"

मम्माने माझा दंड सोडला. मग म्हणाली, "खरं आहे. मी त्याचे कपडे धुतले. त्याला भरवलं. आजारी असला की रात्र रात्र बसले. पगार घेतला नाही, पण काम तेच."

"मग तुम्ही त्याला मुलगा का म्हणालात?"

"लळा लागतो, साहेब. माझी चूक झाली."

ते तिघंही नरमले. एकाने रुमाल काढला. ताकीद देऊन तिला बागेत परत पाठवलं.  परतीच्या वाटेवर मी तुमच्याबद्दल बोलायला लागले तर म्हणाली, "गाडीत गाऱ्हाणी नकोत."

बिल्लेचीने घरी बायकोला सांगितलं, बायकोने विहिणीला. आता नळावर बायका मम्माला वाट देतात आणि मागून हसतात. एक म्हणाली, "दोन्ना पिएत्रा, साहेबांचे शर्ट कधी यायचे धुवायला?" ती बादली भरून घेते आणि जाते.

यापुढे पत्र पाठवण्याची तसदी घेऊ नये.

व्हिंचेंझा कुतिनो

न्यूयॉर्क
१२ एप्रिल १९४२

एन्झा,

पाठवू नको म्हणालीस तरी पाठवतोय. फाडण्याआधी वाच.

तुझं पत्र घेऊन मी हॅल्सीकडे गेलो. तो जेवत होता. मी विचारलं, "माझं पत्र कुठे आहे?"

"सुटली ना ती?" तो म्हणाला. "तूच सांगितलंस, कसंही कर."

हे त्याचं खरं होतं. मी तसंच सांगितलं होतं. दुसऱ्याच्या हातात दिलं आणि पाठ फिरवून गायला गेलो. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो, पण खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. तो म्हणाला, "आता हे मिटलं. त्या बाईने मंडळासमोर स्वतः कबूल केलंय. तू कोणाचा मुलगा, हे विचारायला आता कोणी येणार नाही." मला त्या वाक्याने जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

काल शनिवार. मायक्रोफोनशी उभं राहायचं म्हणजे तुला माहीत नाही, तोंड इतकं जवळ असतं की आवंढा गिळला तरी देशभर ऐकू जातो. पहिलं गाणं घेतलं. दुसऱ्याच्या आधी बँडच्या चार मात्रा असतात. त्या चालू झाल्या आणि मी गायच्या ऐवजी बोललो. म्हणालो, "माझं नाव रे कटलर नाही, एराझ्मो कुतिनो. बाप सिसिलीचा कोळी. माझी आई मेलेली नाही. ती कॅलिफोर्नियात आहे, तिला घरातून काढलंय, आणि मी तिला ओळख दिली नाही."

बँडवाल्यांना काय करावं कळेना. ते तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. काचेपलीकडचा माणूस हात हलवत होता. मग प्रक्षेपणाचा लाल दिवा गेला. किती ऐकू गेलं मला माहीत नाही. टोनी म्हणतो, शेवटचं वाक्य अर्धं कापलं.

करार गेला. हॅल्सीने माझी गाण्याची बाडं दाराबाहेर ठेवली. सैन्याचं बोलावणं आलंय, मे महिन्यात हजर व्हायचंय. त्याआधी मी तिकडे येऊ का? हे मम्माला विचार. तुला विचारायची माझी हिंमत नाही.

रासिमू

पिट्सबर्ग
१९ एप्रिल १९४२

रासिमू,

फाडलं नाही.

कार्यक्रम मी ऐकला नव्हता. मम्माला पकडलं त्या दिवसापासून रेडिओ लावलाच नाही. सोमवारी कारखान्यात ती मासिकवाली पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, "कुतिनो म्हणजे तूच ना?" अर्ध्या जणी माझ्याशी बोलत नाहीत, अर्ध्या जणी फार बोलतात. पेपरात एक चौकट आली. एकाने लिहिलंय, अशा कृतघ्न मुलाला फासावर द्या. दुसऱ्याने लिहिलंय, आईसकट इटलीला पाठवा.

आज मम्माला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "इंग्रजीत बोलला?"

"हो."

"म्हणजे साहेबांना कळलं."

"सगळ्या देशाला कळलं, मम्मा."

"इथे वीज नाही," ती म्हणाली आणि सोलत राहिली. वाटाणे संपल्यावर म्हणाली, "येऊदे त्याला."

तोंडावरून काही कळलं नाही. मी तुला आधीच सांगून ठेवते, गळ्यात पडेल असं समजून येऊ नकोस. मला आठवड्याच्या मधल्या दिवशी सुट्टी मिळणार नाही, तुम्ही दोघंच असाल.

एन्झा

रेल्वेतून, नेवाडा
८ मे १९४२

प्रिय एन्झा,

तुझी भेट झाली नाही, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. गाडी हलते, अक्षर लावून घे.

दुपारी बागेत पोचलो. मम्मा खोलीबाहेर चादर पिळत होती. वाळलीय ग ती. मला बघितलं, चादर खाली ठेवली नाही. म्हणाली, "या साहेब. बसायला खुर्ची नाही. जुन्या मोलकरणीकडे आलात, चालवून घ्या."

मी म्हणालो, "मम्मा."

"दुसरं टोक धरा."

मी धरलं. आम्ही दोघांनी चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली. मग दुसरी. ती माझ्याकडे बघत नव्हती, दोरीच्या गाठी बघत होती. शेवटची चादर टाकताना म्हणाली, "रेडिओवर माझं नाव काय सांगितलंस?"

मी आठवून बघितलं. माझं सांगितलं होतं. बापाचा धंदा सांगितला होता. "नाव नाही सांगितलं," मी म्हणालो.

"मग त्यांना कसं कळणार कोणाची आई?"

तिने हात पुसले, रिकामी बादली माझ्या हातात दिली आणि नळाकडे चालायला लागली. मी मागून. नळावर आपल्या गावच्या सगळ्या बायका होत्या, रांगेत. माझे शहरी बूट बघून त्यांनी बादल्या खाली ठेवल्या. मम्मा रांगेच्या मधोमध उभी राहिली. म्हणाली, "हा माणूस न्यूयॉर्कहून आलाय. याला काहीतरी सांगायचंय."

एन्झा, मी हजारो लोकांपुढे गायलोय, पण या आठ बायकांपुढे पहिल्यांदा तोंडातून नुसती हवाच आली. परत प्रयत्न केला. आपल्या भाषेत, कारण तिथे दुसरी भाषा नव्हतीच. म्हणालो, "मी एराझ्मो. पिएत्रा कुतिनोचा मुलगा. ती कोणाची मोलकरीण नव्हती. मी तिला नाकारलं. तिने मला वाचवायला खोटं सांगितलं."

 नळ वाहत होता. त्या शर्टवाल्या बाईने मान खाली घातली. मग मागून दोन्ना कोझिमा म्हणाली, "मला कमी ऐकू येतं. कोणाचा मुलगा?"

तिला चांगलं ऐकू येतं, ते मलाही माहीत आहे आणि तुलाही. मी परत सांगितलं, या वेळी पोटातून. बागेच्या पलीकडच्या टोकाला शिडीवर चढलेल्या माणसाने वळून बघितलं.

मम्माने माझ्या हातातली बादली घेतली, नळाखाली ठेवली आणि बायकांकडे न बघता म्हणाली, "ऐकलंत ना? आता व्हा बाजूला. माझा मुलगा लांबून आलाय, त्याला जेवायला घालायचंय."

तुझा,
एराझ्मो